निघताना काय म्हणावं

माझ्या दुपारच्या इंग्रजीच्या वर्गातून निघताना सुलभाताई दारात थांबून म्हणायच्या, "आय ॲम कमिंग, मॅडम."

एकदा मी फळ्यावर 'कम' आणि 'गो' लिहून हटकलंच, "जाताना 'गोइंग' म्हणायचं."

"निघताना असं बोलू नये हो," त्या म्हणाल्या. आपल्याकडे निघताना 'येते' म्हणतात, हे मला काय ठाऊक नव्हतं? तरी मी मास्तरकीच्या हट्टाने म्हणवून घेतलंच. खालच्या आवाजात त्या "गोइंग" म्हणाल्या आणि गेल्या. चौथ्या दिवशी त्या वारल्याचं कळलं.

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. फळ्यावरची ती दोन क्रियापदं मात्र मला पुसवत नाहीत.

काल रिकाम्या वर्गाला कुलूप लावताना सवयीने तोंडातून गेलं, "येते हं."

आतून त्यांच्या आवाजात उत्तर आलं, "या, मॅडम."