मागच्या बाकावर ऐकू आलेली टकटक

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. अहो, मी काशीत वाढले! शाळेत जाताना एखादी तरी 'राम नाम सत्य है' म्हणत निघालेली अंत्ययात्रा वाटेत भेटायचीच, आणि आम्ही पोरी भिंतीला चिकटून वाट द्यायचो आणि पुन्हा गप्पा सुरू करायचो. अशा मुलीला कोण काय घाबरवणार? पण एक गोष्ट आहे... ती भर दुपारी घडली, म्हणून जास्तच सलते.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमचं घर काशीतल्या दूधविनायक मोहल्ल्यात. माझे मोठे काका, म्हणजे आप्पा, वेद शिकवायचे. घरात सकाळपासून संथा चाले. विद्यार्थी म्हणताना चुकला, की आप्पा तोंडाने बोलत नसत. बोटातल्या चांदीच्या अंगठीने पाटावर टकटक करत. पोरगा थांबे, मागे जाई, पुन्हा म्हणे. पाठ अर्धवट सोडायचा नाही, हा घरचा नियमच.

त्या नियमानेच माझा घात केला. मी मेडिकलच्या एंट्रन्सला बसले होते. तिथे चुकीच्या उत्तराला मार्क कापायचे, आणि मला प्रश्न कोरा सोडवेच ना! अंदाजपंचे गोळे काळे केले आणि सपशेल आपटले. बाबा म्हणाले, "आणखी एक साल. नाही झालं तर नागपूरच्या स्थळाला हो म्हणायचं."

मग आप्पाच पुढे सरसावले. त्यांना फिजिक्सचं ओ की ठो कळत नव्हतं. मी सराव पेपरची उत्तरं मोठ्याने म्हणायची आणि ते डोळे मिटून ऐकायचे. मध्येच टकटक!

"काय झालं आप्पा? बरोबर आहे हे."

"असेल गं. पण तुझा आवाज पडला. अंदाजाने बोललीस ना? छोड दे त्याला."

"घरात तर काही सोडू देत नाही तुम्ही!"

"ते वेद आहेत बेटा. हे इम्तिहान आहे," असं म्हणून खो खो हसले.

खरं सांगते, सोडायला मी त्यांच्याकडून शिकले. पुरती शिकायच्या आधीच, माघात, आप्पा गेले.

परीक्षा मे महिन्यात. सेंटर कँटोनमेंटकडच्या एका कॉलेजात. बत्ती गुल, पंखे बंद, खिडकीतून लूच्या गरम झळा. एक प्रश्न अडला. जुनी खोड... म्हटलं, 'ब' असेल. पेन्सिल टेकवली आणि टकटक.

लाकडावर चांदी. तो आवाज मी झोपेतही ओळखला असता. घामाने भिजलेल्या पाठीवरून काटा सरसरत गेला. आजूबाजूला सगळे माना खाली घालून लिहीत होते. मी प्रश्न सोडला. पुढे जिथे जिथे मन डळमळलं, तिथे तिथे टकटक झाली. शेवटी शेवटी भीती गेली, रडूच येत होतं. आप्पा सोबत होते ना!

बाहेर आले तर मागच्या बाकावरची मुलगी पायरीवर बसून हमसून हमसून रडत होती. अर्चना तिचं नाव, सकाळीच ओळख झाली होती. तिचाही हा शेवटचा चान्स.

"दीदी, आपके पास कौन ठकठक कर रहा था?"

मी तिच्याशेजारी पायरीवर बसले.

"जैसे ही वो आवाज होती, मैं घबरा जाती. जो हाथ में आया, भर दिया. एक भी खाली नहीं छोड़ा..."

निकाल पेपरात आला. माझा नंबर होता. माझ्या लगेच नंतरचा रोल नंबर तिचा, तो मात्र यादीत नव्हता. आईने आप्पांच्या फोटोपुढे पेढे ठेवले. "त्यांचाच आशीर्वाद," म्हणाली. मी माझा पेढा परत ताटात ठेवला.

आज मी डॉक्टर आहे. ती टकटक पुन्हा कधी ऐकली नाही, आणि तिचा उलगडाही झाला नाही. भास म्हणावा, तर दोघींना कसा होईल? आणि ते आप्पाच असतील तर... ज्यांनी जन्मात कुणाच्या लेकराचं वाईट चिंतलं नाही, त्यांना माझ्या मागे बसलेली ती पोर दिसली नसेल का?