घागरीतली नवरी

वरवट बकालच्या शालूबाईचं गावात कुणाशी पटलं नाही. जावेशी बांधावरून, शेजारणीशी सांडपाण्यावरून, दुकानदाराशी वजनकाट्यावरून. नवरा गेल्यावर तिनं एकटीनं शेत सांभाळलं, लेकीला, प्रेरणाला, बी.एड. केलं. गोड बोलायला तिला फुरसत मिळाली नाही. तिला पाहून लोक वाट बदलत, आणि तिला ते बरंच वाटे.

अशी ही बाई रामरावांपुढे मात्र नमली. त्यांचं ओलिताचं शेत, दारात ट्रॅक्टर, आणि मुलगा गजेंद्र. गजेंद्रची पहिली बायको दोन वर्षांत माहेरी गेली ती परत आलीच नाही. का गेली, हे शालूबाईनं विचारलं नाही. साऱ्या गावाला जाब विचारणारी बाई नेमकी इथंच गप्प बसली. प्रेरणाचं वय वाढत होतं, नातलग टोमणे मारत होते. गजेंद्रशी सोयरीक ठरली त्या दिवसापासून प्रेरणानं आईशी बोलणं टाकलं.

आषाढात पावसानं दडी मारली. रामरावांनी मारुतीच्या पारावर बेडकांचं लग्न मांडलं. नवरा त्यांच्या शेततळ्यातला, तळहातात न मावणारा, पिवळाधमक. नवरी आणावी ती होणाऱ्या विहीणबाईंनी, असा त्यांचा हुकूम. शालूबाईनं विहिरीच्या काठावरून एक सडपातळ, हिरवट बेडकी धरली आणि तिच्या पायाला हौसेनं हळदीचा दोरा बांधला. दोघांचं वाण वेगळं होतं, पण तिच्यासकट कुणाच्या ते डोक्यातही आलं नाही. दोघांना एकाच घागरीत घालून तोंडाला फडकं बांधलं आणि वाजंत्री गावभर फिरली.

मंगलाष्टकांच्या वेळी फडकं सोडलं. घागरीत नवरा एकटाच होता. त्याच्या जबड्यातून एक बारीक पाय लोंबत होता, दोऱ्यासकट. त्यानं डोळे मिटून घास गिळला आणि दोराही आत गेला.

पारावर हशा पिकला. गजेंद्र तर पोट धरून हसत होता.

"काय होते त्याले," रामराव म्हणाले. "लहानी होती, टिकली नाही. इहीणबाई, दुसरी धरून आना."

शालूबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. पहिल्या सुनेबद्दलही हा माणूस असंच बोलला होता, अगदी याच आवाजात. सुपारी फुटली त्या दिवशी, चहा पिता पिता. तेव्हा ती मान डोलवत बसली होती. तिला स्वतःचीच किळस आली.

"बेडकी दुसरी भेटन, रामरावजी," ती म्हणाली. "माही पोरगी एकच हाये. सोयरीक मोडली."

"चार मानसांत आमची इज्जत घेता?" रामरावांचा आवाज चढला. "तुमच्या पोरीले मंग कोन करन?"

"नाही केली त पोरगी घरी राहीन. जित्ती त राहीन."

घागर तिची होती. तिनं ती पारावरच आडवी केली, पिवळा नवरा गजेंद्रच्या पायाशी ओतला आणि रिकामी घागर कमरेवर घेऊन घरी आली.

प्रेरणा दारातच उभी होती, बातमी आधीच पोचली होती. तिनं आईच्या कमरेवरची घागर उतरवून घेतली आणि कित्येक दिवसांनी बोलली.

"आई, जेवली का?"