धक्क्यावरचा न सापडलेला डबा

ओद्रुनला फेरीबोटीचा कंटाळा आला होता, पण नेसविकमध्ये असलं काही मोठ्यानं बोलायची पद्धत नव्हती. खाडीवर पूल झाला तेव्हा गावानं शेवटच्या फेरीला झेंडे लावले, बँड वाजवला, म्हाताऱ्यांनी डोळे पुसले. ओद्रुन तेवढी तव्यापुढे उभी होती. मी तिची शेजारीण; मला म्हणाली, "बोर्गनी, एकदाची सुटले बाई."

उभं आयुष्य तिनं त्या बोटीवर स्वेले भाजण्यात घालवलं होतं. आमच्याकडे खाडी ओलांडायची म्हणजे बोटीच्या वरच्या मजल्यावर जायचं, लोणी-साखर लावलेलं ते जाड गोड धिरडं खायचं, वर कॉफी प्यायची, की तोवर पलीकडचा धक्का आलाच. खाणाऱ्याची मजा होते, भाजणारीचे घोटे सुजतात. तिचा नवरा हालवार त्याच बोटीवर खाली गाड्या लावून घ्यायचा. जन्मभर एका बोटीवर काम करून दोघांची खरी गाठ पडायची ती घरी, आणि तेव्हा दोघंही पेंगुळलेली असायची.

पूल झाल्यावर ओद्रुन खुर्चीत बसली ती बसलीच. हालवारला मात्र घरात चैन पडेना. कुणाकडून तरी त्यानं तो डबे शोधायचा खेळ उचलला. एकानं कुठेतरी डबा लपवायचा, त्याचं ठिकाण इंटरनेटवर टाकायचं, आणि जगभरच्या रिकामटेकड्यांनी फोन घेऊन तो हुडकून आतल्या वहीत नाव लिहायचं. हालवारनं ठिकाणही सरळ सांगितलं नाही, कोडं घातलं. खाडीत पहिली वाफेची बोट कुठल्या साली आली, पाद्र्याची गाय धक्क्यावरून पाण्यात कधी पडली, असे सगळे फेरीच्या इतिहासाचे प्रश्न. उत्तरांची बेरीज-वजाबाकी केली की जुन्या धक्क्यावरचा कितवा खांब ते कळायचं. शेवटची ओळ होती, बोट घरी येताना उजव्या हाताची रांग.

लोक यायचे. जुनी वर्तमानपत्रं चाळून बरोबर गायीपर्यंत पोचलेले असायचे. उजव्या रांगेतले खांब चाचपून चाचपून दमले, की ओद्रुनचं दार वाजवायचे, कारण धक्क्याला लागून तिचंच घर.

"मला नका विचारू," ती दार अर्धं उघडून म्हणायची. "मी धिरडी भाजायचे."

गेल्या हिवाळ्यात हालवारच्या हृदयानं दगा दिला. त्याला शुश्रूषागृहात ठेवलं. डॉक्टरीणबाईंनी ओद्रुनला स्पष्टच सांगितलं, उन्हाळा बघतील न बघतील. मी तिला गाडीनं तिथे घेऊन जायचे. प्रत्येक वेळी हालवारचा एकच प्रश्न, "सापडला का गं कुणाला?" मी फोन काढून बघायचे आणि नाही म्हणायचे. त्यानंतर तो आढ्याकडे बघत पडायचा. मला त्या खेळाचा आणि तो खेळणाऱ्यांचा मनस्वी राग यायचा.

मार्चमध्ये खेळ चालवणाऱ्यांची सूचना आली. डबा सापडत नाही अशा फार तक्रारी आहेत, मालकानं तपासावा, नाहीतर तो खेळातून काढून टाकू.

"हे त्याच्या कानावर घालायचं नाही," ओद्रुन म्हणाली. "कुणालाच न सापडता डबा खेळातून गेला, तर हा माणूस तसाच आढ्याकडे बघत जाईल."

"मग निदान जागेवर आहे का ते तरी बघ. वाच कोडं."

इतक्या वर्षांत तिनं ते वाचलंच नव्हतं. माझ्या स्वयंपाकघरात चष्मा पुसत पुसत वाचलं, आणि शेवटच्या ओळीशी तिनं टेबलावर हात आपटला.

"अगं, हे बोटीवरचं उजवं आहे! लोक कसे शोधणार, कपाळ?"

आमची बोट दोन्ही तोंडांची होती. ती वळायचीच नाही, आली तशी उलटी जायची. म्हणून बोटीवरच्यांनी ठरवूनच टाकलं होतं, स्वयंपाकघराची बाजू ती उजवी, मग बोट कुठेही जावो. घरी येताना ती बाजू असायची डावीकडे.

"म्हणजे चुकला हालवार," मी म्हटलं.

"चुकला. आणि ते त्याला आत्ता सांगू? काही नको. डबाच हलवू."

दुसऱ्या दिवशी गेलो. धक्क्यावर शेवाळ माजलं होतं. माझं कोपर धरून ती पाऊल टाकत होती आणि पावलागणिक हालवारला शिव्या घालत होती. डाव्या रांगेत, कोड्यातून निघणाऱ्या खांबामागे, गंजक्या कडीखाली डबा होता. आतली वही कोरडी आणि कोरी. सोबत पेन्सिल.

"लिही की नाव," मी म्हटलं. "पहिली तूच."

"मी कशाला? मला काय करायचंय? थंडी वाजतेय, चल."

डबा तिनं समोरच्या, उजव्या रांगेतल्या खांबामागे सरकवला आणि आम्ही घरी आलो.

ईस्टरच्या सुट्टीत बर्गनच्या एका जोडप्याला तो सापडला. ओद्रुननं त्या दिवशी चांगला कोट घातला.

"सापडला!" तिनं खोलीच्या दारातूनच सांगितलं.

हालवार उशीवरून उठू लागला. "कुणाला?"

"बर्गनचं जोडपं आहे. म्हणतात, असं कोडं कुठे पाहिलं नाही."

"कुठल्या बाजूला सापडला?"

"उजव्या."

"बर्गनवाल्यांच्या उजव्या?"

मी खिडकीबाहेर बघू लागले.

"तू हलवलास," तो म्हणाला.

"मग काय करू? लिहिलंयस चुकीचं! तुमचं उजवं लोकांना काय कळतंय?"

"चुकून नाही लिहिलं." तो श्वास घ्यायला थांबला. "ते उजवं आता कळतंय कुणाला? कप्तान गेला. इंजिनवाला गेला. तूच राहिलीस. मला वाटायचं, एक दिवस खुर्चीला कंटाळशील, कोडं वाचशील, आणि माझ्यावर हसत हसत नीट डब्याशी जाशील."

"मग तसं सांगायचं नाही का?"

"सांगितल्यावर काय मजा?" मग हळूच म्हणाला, "नाव लिहिलंस ना? त्यांच्या आधी?"

तिनं हो म्हणावं असं मला फार वाटलं. एवढं खोटं चाललं असतं. पण तिच्यात तेवढंही त्राण उरलं नव्हतं. ती कोटासकट पलंगाच्या कडेवर बसली.

"नाही रे," ती म्हणाली. "दमले होते."

हालवारनं तिचा हात हातात घेतला आणि डोळे मिटले.

"मीही," तो म्हणाला.