मेहुण्याची बाटली

आख्ख्या डिचोली तालुक्यात धुळीशी जन्माचं वैर धरलेला माणूस एकच, आणि तो नेमका मेहुणा म्हणून माझ्या वाट्याला आला. सुर्ल्याला खनिजाच्या ट्रकांच्या काचा बसवायचं त्याचं काम. तिथे त्याच्या हाती ही बाटली लागली. आतलं औषध काचेला चोळलं की डोळ्यांना दिसत नाही, पण वर पाणी टाकलं की अळवाच्या पानावरून पळावं तसं पळतं, आणि पळताना लाल धूळ घेऊन जातं. झालं! ह्याने स्वतःचा चष्मा, छत्री, स्कूटर, सगळं चोळून काढलं. बाटली कायम खिशात, शेजारी समजत, हा पितो. माझ्याकडे आला की आधी खिडकीवर तांब्या ओतायचा. "बघा मरे भावोजी, धूळ पळाली!" धूळ पळायची, अंथरूण भिजायचं. घरातल्या सगळ्या काचा मी त्याला दिल्या. एकच दिली नाही, माझ्या बायकोच्या फोटोची. ती त्याची थोरली बहीण. ती गेल्यापासून त्या काचेवरून आमचं भांडण चालूच.

ती होती तेव्हाची गोष्ट. एका चवथीला ह्याने आमच्या मातीच्या गणपतीलाच औषधाचे तीन हात दिले, देवावर धूळ नको म्हणून. तळीत विसर्जनाला देव बुडवला, वर काढला, तर तसाच कोरडा, हसरा! पुन्हा बुडवला, पुन्हा तेच. माणसं आरती विसरून हसायला लागली. बायको काठावरून ओरडली, "मेल्या, देवाकय सोडूक नाय तू!" हा छातीभर पाण्यात कान धरून उभा. नशीब, देवाच्या बुडाला औषध लावायचं राहिलं होतं. तिथून पाणी शिरलं आणि देव सुटला.

यंदा तिच्या वर्षश्राद्धाला हा बाटली उघडूनच आला. "भावोजी, ताईच्या तोंडार धूळ बघवत नाय. एकदा लावूया, परत पुसूक नको."

मी म्हटलं, "मग सकाळी उठून मी काय करू? तिचं तेवढंच काम उरलंय माझ्याकडे."

ह्याने बाटलीला बूच लावलं, माझ्या खांद्यावरचं फडकं ओढून घेतलं नि म्हणाला, "मग आयतार माझो."

आता दर रविवारी तो पुसतो. वेळ फार लावतो. चहा निवतो, पण मी हाक मारत नाही.