कंडक्टरीणबाईंची गाडी

माधवनगरात माझ्या शेजारी एक बाई राहते, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेली. माझ्या घरी आली तरी खुर्चीवर बसत नाही, चौकटीला पाठ टेकून बोलते. गोड बोलणं तिला जमत नाही, मलाही नाही, म्हणून आमचं जमतं.

निवृत्तीचे पैसे आल्यावर ती क्लास लावून गाडी शिकली आणि मला घेऊन शोरूमला गेली. सोबत तिचा पोरगा होता. तो म्हणाला, "आये, पैसं बँकेत ऱ्हाऊ दे. कर्ज काढू, हप्ता मी भरतो."

"आन् गाडी कुणाच्या दारात?"

"माझ्याच की. हप्ता मी भरणार न्हवं?"

"मग हप्ताच नको. जन्मभर दुसऱ्याच्या गाडीत हुबी ऱ्हायले."

तिनं उभ्याउभ्याच पुऱ्या रकमेचा चेक लिहिला.

गाडी मिळाली त्या दिवशी नारळ तिनंच फोडला. तिच्या चालवण्याचा मला भरवसा नव्हता, तरी मी शेजारी बसले. चौकात गाडी बंद पडली, मागं हॉर्न वाजायला लागले. पोरगा मागच्या सीटवरून उतरून तिच्या खिडकीशी आला. "सरक, मी घेतो."

ती सरकली नाही. गाडी चालू झाली, तेव्हा मागचं दार गाठायला त्याला पळावं लागलं.