पाणाडी मामा आणि चंद्रावरची दुपार

जमिनीच्या पोटातलं पाणी फक्त परमेश्वराला दिसतं म्हणतात. आमच्या मामेसासऱ्यांचं, म्हणजे बायकोच्या मखमलाबादच्या मामांचं म्हणणं असं, की शंका आली तर परमेश्वरही त्यांनाच विचारतो. मामा पाणाडी आहेत. तळहातावर नारळ आडवा ठेवून शेतातून अनवाणी चालायचं आणि तो उभा राहिला की "इथं मारा बोअर" म्हणायचं, हा त्यांचा कोबी-फ्लॉवरच्या शेतीबरोबरचा छंद. मोबदला म्हणून तो नारळ घरी आणतात. त्यामुळे मामींच्या स्वयंपाकात खोबरं नाही असा पदार्थ मी अजून खाल्लेला नाही. बोअर कोरडा गेला तरी मामा खचत नाहीत. "पाणी हाय तिथंच हाय, तुमची मशीन वाकडी गेली," असं ठणकावून सांगतात आणि त्याच घरचा चहा पिऊन उठतात.

एक नियम मात्र ते ब्रह्मदेव आला तरी मोडत नाहीत. पाणी बघायचं ते सकाळी, नाहीतर दिवस कलल्यावर. "दुपारचं पाणी खाली जाऊन निजतं, त्याला उठवायचं नाय." विंचूरचा एक कांद्याचा व्यापारी भर दुपारी गाडी घेऊन दाराशी आला, तर त्याला ओट्यावर बसवून मामा आत जाऊन घोरू लागले.

मी शाळेत विज्ञान शिकवतो, म्हणून मामांना माझी जरा कीवच येते. एकदा जेवताना मी सांगितलं, की चंद्राच्या मातीतही पाण्याचा आणि त्याचा भाऊबंद हायड्रॉक्सिल याचा किंचित अंश सापडलाय, आणि तो तिथल्या सकाळ-संध्याकाळी जास्त दिसतो, दुपारी कमी. मामांचा घास हातातच राहिला. "मग मी काय येगळं सांगत होतो?" मी घाईघाईनं पुढचंही सांगितलं, की काहींच्या मते पाणी फारसं हलतच नाही, तापलेल्या जमिनीमुळे मोजमाप फसतं. मामा आणखीच खूश झाले. "म्हंजे पाणी जाग्यावर हाय, मशीन वाकडी." दुसऱ्या दिवशी गावभर झालं, की मामांचा नियम चंद्रावरही लागू आहे.

या नियमाचा खरा उपयोग मला उशिरा कळला. मामांची एकुलती एक लेक सुरगाण्याच्या डोंगरात शिक्षिका आहे. तिथंच घर बांधलंय, पण होळी झाली की बिचारी खालच्या विहिरीवरून चढण चढत हंडे आणते. जगाला पाणी दाखवणारा बाप तिच्या परसात कधी नारळ घेऊन उतरला नव्हता. जायचा तो ऐन दुपारी, आणि उन्हं कलायच्या आत परतीच्या जीपमध्ये. "दुपारी कसं बघणार, पोरी?" लोकांचा बोअर कोरडा गेला तर मशीन वाकडी. लेकीचा गेला तर वाकडं कुणाला म्हणायचं? मामा चक्क घाबरत होते.

यंदा उन्हाळ्यात मी त्यांच्याबरोबर गेलो. जीपची वेळ झाली, मामांनी चपला घातल्या. मी म्हटलं, "मामा, चंद्रावर संध्याकाळी परत दिसतं म्हणे. थांबून बघू की."

"जावईबापू, तुम्ही लय वंगाळ माणूस," ते म्हणाले आणि चपला काढल्या.

दिवस कलल्यावर मामा परसात उतरले. तालुकाभर नारळ उभे करणारा तो हात थरथरत होता. आंब्यापाशी नारळ उभा राहिला की नुसताच कलंडला, मला सांगता येणार नाही. मामांनाही सांगता येईना. लेकीनं त्यांच्या हातातून नारळ काढून घेतला आणि तिथंच खूण म्हणून ठेवला. "इथंच मारू, नाना. लागलं तर लागलं. आता जेवायला थांबा. लग्न झाल्यापासून माझ्याकडं रात्रीचं कधी जेवला नाहीत तुम्ही."

मामांनी तोंड फिरवून नाक शिंकरलं.

बोअरला पाणी लागलं, पण करंगळीएवढं. सकाळी येतं, संध्याकाळी येतं, दुपारी मोटर लावली तर नुसती हवा. ही दुपार मामांनी सगळ्या पाहुण्यारावळ्यांना ऐकवली. आता ते संध्याकाळची धार तपासायला म्हणून जातात आणि मुक्काम करतात. हात आताशा नारळ नसतानाही कापतो, म्हणून लेक पेला अर्धाच भरून देते. मामा तो तसाच तिच्यापुढे धरतात.

"भर पुरा. आपलंच पाणी हाय."