गगनवीर पहिल्याच अंकात गेला

फॅक्टरीच्या टाउनशिपमध्ये किस्से साठायला वेळ लागत नाही. भिंती सामाईक, आणि सगळ्यांची सुट्टी एकाच भोंग्याला. मी कमी बोलणारी, त्यामुळे माझ्याकडे ते जास्तच साठतात. लग्नानंतरच्या पहिल्या दोन महिन्यांतले तर सगळे एकाच पुस्तकाचे निघाले!

*

लग्नाला आठवडा झाला तेव्हा ह्यांनी कपाटातून लाल कापडी बांधणीचा ठोकळा काढून माझ्या मांडीवर ठेवला. लहानपणी टी. टी. नगरच्या बाजारात फुटपाथवरच्या पुस्तकवाल्यांकडून एकेक करून जमवलेले गगनवीरचे बेचाळीस हिंदी कॉमिक्स. फॅक्टरीतल्या रेकॉर्ड रूमच्या बाइंडरकडून लग्नाआधी एकत्र बांधून घेतलेले.

"वाचून बघ, मग सांग," म्हणाले.

तोवर आमचं बोलणं 'जेवलात का' आणि 'पंखा कमी करू का' एवढंच. बोलायला विषय मिळाला म्हणून मी परीक्षेला बसावं तशी वाचायला बसले.

*

पुस्तक इतकं जड, की आडवं पडून वाचताना नाकावर पडलं. उडणाऱ्या माणसाचं पुस्तक उचलवत नाही, ही पहिली तक्रार. मग पाटावर ठेवून, मांडी घालून वाचू लागले.

लाल कापड, पाट, खाली घातलेली मान. सासूबाईंना वाटलं, सून पोथी वाचते. खंडेनवमीला गगनवीरावर हळदकुंकू पडलं. मीही हात जोडले. पोथीवाली सून असणं फार सोयीचं होतं.

*

शेजारच्या तिवारी भाभींना मात्र खरं सांगितलं. दुपारी त्या विणकाम घेऊन शेजारी बसत आणि चित्रं बघत. रंग झकास, गगनवीर उडाला की पानभर आभाळ. पण बांधणीत आतला समास गेलेला. खलनायकाचं प्रत्येक वाक्य 'मैं तुझे'पर्यंत येऊन शिवणीत शिरायचं. पुढे काय असेल, मी विचारलं.

"खाने पे तो नहीं बुला रहा होगा," भाभी म्हणाल्या.

नायिका बेचाळीस अंकांत फक्त 'बचाओ' म्हणते, हेही मला खटकलं. भाभींनी सुया थांबवून माझ्याकडे पाहिलं.

"तुमसे तो ज़्यादा ही बोलती है."

*

पण खरी कमाल रचनेची. पहिल्याच अंकात गगनवीर मरतो. मी पदराने डोळे पुसले. पुढच्या अंकात तो धडधाकट, मग अंकागणिक तरुण, आणि शेवटच्या अंकात पाळण्यात. अंकांवरचे नंबरही उलटे होते. मला ती लेखकाची युक्ती वाटली.

रविवारी ह्यांनी विचारलं, कसं वाटलं? तीन दिवस घोकलेलं मी दहा मिनिटं बोलले. मरणाकडून जन्माकडे जाणारी कथा वगैरे. 'जीवनचक्र' हा शब्दही वापरला.

ह्यांनी पुस्तक उघडलं. बांधून आणल्यापासून पहिल्यांदाच. पहिलं पान पाहिलं, शेवटचं पाहिलं, आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

बाइंडरने सारा जन्म ऑफिसच्या फाइली बांधल्या होत्या. फाइलीत नवा कागद वर, जुना खाली.

*

सोमवारी हे तक्रार घेऊन गेले. बाइंडर शांतपणे म्हणाला, "साहब, नीचे का कागज़ आज तक किसने पढ़ा है?" पुन्हा बांधायचं तर कडा आणखी कापाव्या लागणार, म्हणजे उरलेले संवादही जाणार. पुस्तक तसंच घरी आलं.

संध्याकाळी चहा घेताना ह्यांनी मधला एक अंक काढला. "ह्यात गगनवीर आणि नायिकेचं लग्न होतं. तू तर उलटं वाचलंस. मग पुढे तुला काय वाटलं?"

ह्या वेळी काही घोकलेलं नव्हतं.

"वाटलं, लग्न झालं आणि मग दोघं हळूहळू अनोळखी होत गेले. पुढे तर तो तिला रस्त्यात ओळखतसुद्धा नाही." आणि तोंडातून निघून गेलं, "मला ते खरं वाटलं."

ह्यांनी चहाचा कप बाजूला ठेवला. मग त्यांनी सगळी पानं एका बाजूला करून शेवटचा अंक उघडला आणि खुर्ची माझ्याजवळ ओढली.

"इथून वाचू," म्हणाले. "इथे दोघं अजून भेटायचे आहेत."